सिद्राम सरांचा शनिवारचा सिनेमा

सिद्राम सरांची जन्मतारीख मारुतीरावांना तोंडपाठ होती. नेमणुकीचा दिवस, रक्तगट, डाव्या भुवईवरची जखमेची खूण, सगळं ठाऊक होतं. कारण हायस्कूलच्या ऑफिसात क्लार्क म्हणून सरांचं सेवापुस्तक सतरा वर्षं त्यांनीच लिहिलं होतं. पण ती जखम कशानं झाली, हे त्यांना कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, आणि सरांनी आपण होऊन सांगितलं नाही.

गेल्या श्रावणात सर झोपेतच गेले. मारुतीराव अनगोळला त्यांच्या घरी पोचले, तेव्हा दारात बसलेली माणसं सरांविषयीच बोलत होती. सर बुलबुलतरंग वाजवायचे म्हणे. बुद्धपौर्णिमेला विहारातली खीर त्यांच्याच हातची लागायची म्हणे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत राबून ज्या आईनं त्यांना शिकवलं, ती सोनुबाई नव्वदी गाठून गेली. तिची वेणीफणी शेवटची चार वर्षं सर स्वतः करायचे. मारुतीराव कोपऱ्यात बसून ऐकत राहिले. यातलं एक अक्षर त्यांना माहीत नव्हतं. सरांची मुलगी करिष्मा चहा घेऊन आली नि म्हणाली, "काका, तुम्ही तर बाबांच्या लई जवळचे. काय तरी सांगा की."

"शनवारी भेटायचो आमी," एवढंच मारुतीराव बोलले.

ते खोटं नव्हतं. त्यांच्या वाट्याला सर आले ते शनिवारपुरतेच.

बेळगावातून निघून हिंडलगा मागं टाकून आत वळलं की भाताची आणि रताळ्याची रानं लागतात. त्या पट्ट्यातलं ते मराठी हायस्कूल. आठवी, नववी, दहावी मिळून शंभराच्या आसपास पोरं. सिद्राम सर चित्रकला शिकवायचे. दहावीच्या निकालात चित्रकलेला कोण विचारतो? त्यामुळं सरांनाही कुणी फारसं विचारत नसे, आणि सरांना त्याचं काही वाटतही नसे. आठवडाभर हा माणूस इतका गप, की स्टाफरूममध्ये आहे का नाही हे त्याच्या डब्यावरून ओळखायचं.

शनिवारी मात्र नूर वेगळा. शनिवारची शाळा सकाळची. साडेअकराला घंटा झाली की ज्याला थांबायचं त्यानं थांबावं, सक्ती नाही. प्रयोगशाळेच्या खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून अंधार करायचा, भिंतीवर पांढरी चादर ताणायची, आणि माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या प्रोजेक्टरवर सिनेमा लावायचा. सिनेमे कुठले कुठले. बर्फातले, वाळवंटातले, बेटांवरचे. भाषा कुणाला कळायची नाही. सर आवाज बारीक करायचे, चादरीच्या कडेला उभे राहायचे आणि सगळ्यांचं बोलणं स्वतः मराठीत म्हणायचे. मराठी तरी कुठली, इथलीच. बर्फातला म्हातारा दार उघडून म्हणायचा, "कुठं गेलतास रं इतका येळ? जेवलास का न्हाय?" पोरं खिदळायची, आणि पाच मिनिटांत तो म्हातारा त्यांच्या गल्लीतला होऊन जायचा.

या सिनेमांच्या खाली इंग्रजी अक्षरांची पट्टी येते. सरांनी चादरीच्या खालच्या काठाला काळं कापड शिवून घेतलं होतं. पट्टी त्या कापडावर पडायची आणि दिसेनाशी व्हायची. "पोरं वाचत बसली की बघायची ऱ्हात्यात," ते म्हणायचे.

पहिल्या वर्षी हेडबाईंनी, म्हणजे रूपालीबाईंनी, या तासाचा कागद मागितला. उद्देशाच्या रकान्यात मारुतीरावांनी टाईप केलं, 'विद्यार्थ्यांचे चारित्र्य घडविणे'. सरांनी वाचून मान खाजवली.

"लई जड झालं की ओ. 'बघायला शिकणे' लिवा."

"वर पाठवायचं हाय सर. बघायला काय शिकायचं, डोळं न्हाईत का, म्हणतील."

"मग ऱ्हाऊ द्या तुमचं."

एक नियम मात्र सरांनी कडक ठेवला होता. सिनेमा संपल्यावर तात्पर्य सांगायचं नाही. जो सांगेल, त्यानं खिडक्यांची सगळी पोती काढून घडी घालायची. सुरुवातीला पोरं सवयीनं उठायची, "सर, यावरून असा बोध होतो की..." आणि सगळा वर्ग ओरडायचा, "पोती! पोती!" पुढं पुढं पोरं गप घरी जायला लागली. सोमवारी व्हरांड्यातल्या फळ्यावर ज्याला जो प्रश्न पडला असेल तो त्यानं लिहायचा. उत्तर कुणी द्यायचं नाही.

यानं चारित्र्य घडलं का? मारुतीरावांना सांगता आलं नसतं. पण एकदा दुपारचं जेवण रांधणाऱ्या अंबुबाई ऑफिसच्या दारात येऊन म्हणाल्या, "कुठला शिनेमा दावलासा ओ पोरांस्नी? आठ दिवस झालं, ताटं आपली आपण इसळून ठेवाय लागल्यात." मारुतीरावांनी सरांना विचारलं. सरांनी खूप डोकं खाजवलं. गेल्या शनिवारच्या सिनेमात ताटंच नव्हती.

मारुतीरावांना स्वतःला ऑफिसची किल्ली कमरेला लावून साडेअकराला घरी जाता आलं असतं. "प्रयोगशाळेला कुलूप लावायचं असतंय," असं घरी सांगून ते दाराशी स्टुलावर बसायचे. हे कुलूप लावायला दोन तास लागायचे. बायको मालुबाई म्हणायची, "तुमच्या कुलपाची गोष्ट सांगा की मला बी." मग ते जेवताना तिला सगळा सिनेमा सांगायचे. एरवी चार माणसांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, तो माणूस आमटी गार होईपर्यंत बोलायचा.

सात वर्षं हे असं सुखात चाललं. आठव्या वर्षी सरांनी गाढवाचा सिनेमा लावला.

डोंगरातलं एक गाव. तिथला एक पोरगा शेजाऱ्याचं मिठाची पोती वाहणारं गाढव न विचारता नदीवर नेतो. दगडांत गाढवाचा पाय मोडतो. पोरगा ते तिथंच सोडून पळून येतो. आळ येतो गुरं राखणाऱ्या एका मुक्या म्हाताऱ्यावर. मुका काय सांगणार? लोक त्याचं काम काढून घेतात. शेवटी पोरगा रडत बापाला सगळं सांगतो. बाप बराच वेळ चुलीकडं बघतो आणि मग चार शब्द बोलतो. त्यानंतर शेवटचं चित्र. पहाट झालेली, पोरगा शेजाऱ्याच्या फाटकाशी उभा, हात कडीवर. सिनेमा संपतो.

बापाचे ते चार शब्द सरांनी असे म्हटले: "जा पोरा. खरं सांगून ये. मी हितंच हाय."

त्या दिवशी पोती काढायला सगळीच पोरं उठली. मारुतीरावांनी घरी जाऊन सांगितलं तेव्हा मालुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "असा बाप मिळाय पायजे."

सोमवारी फळ्यावर एकच प्रश्न होता. अक्षर दहावीतल्या तेजस्वीचं, ठसठशीत. 'सर, बाप खरं काय म्हणाला?'

झालं होतं असं. सिनेमा शाळेच्या कॉम्प्युटरवर तसाच राहिला होता. तेजस्वीचं इंग्रजी चांगलं. सकाळच्या कॉम्प्युटरच्या तासाला तिनं आणि आदर्शनं तो शेवटचा भाग पुन्हा लावला. तिथं काळं कापड नव्हतं. पट्टीवर बाप म्हणत होता, 'गप्प बस. मुक्याला कोण विचारणार? आपलं नाव नको यायला.'

तास संपायच्या आत ही गोष्ट तिन्ही वर्गांत पोचली. आणि मग काळ्या कापडाची गोष्ट निघाली. "म्हणून कापड लावत होते व्हय!" आदर्श व्हरांड्यात मोठ्यानं म्हणाला. "सात वर्षं काय काय बदललं असंल, कुणाला ठावं?" ज्या माणसानं कधी तात्पर्यसुद्धा सांगू दिलं नाही, तोच खोटं बोलला होता.

सर मधल्या सुट्टीत ऑफिसात आले आणि मारुतीरावांच्या समोरच्या खुर्चीत बसले. बराच वेळ टेबलावरचा शिक्का उलटा-सुलटा करत राहिले.

"वाचलासा?"

"वाचलं."

मारुतीरावांनी दार लोटून घेतलं आणि आपल्या मतीनं एक तोड काढली. "सर, सांगा की ती इंग्रजी पट्टीच चुकीची हाय म्हणून. तसलं चुकीचं लई असतंय. पोरं काय त्या देशाला जाऊन इचारणार हाईत?"

सरांनी मान वर केली. क्षणभर त्यांना ते पटलं आहे असं मारुतीरावांना वाटलं. "सांगता येईल," सर म्हणाले. मग उठून गेले.

दोन दिवसांनी रूपालीबाईंनी दोघांना बोलावलं. बाई काही वाईट नव्हत्या. दहावीच्या निकालाचं ओझं त्यांच्या मानेवर होतं. "सर, मी तुमचा तास कधी अडवला नाही, कारण पोरं आपण होऊन थांबत होती. आता आठ-दहा पोरंसुद्धा थांबणार नसतील, तर मी त्या वेळेला गणिताचा स्पेशल क्लास लावते. येत्या शनिवारी बघू."

सर "बरं" म्हणाले. मारुतीराव बाहेर आल्यावर पुन्हा पट्टीचं सुचवणार होते, पण सर जिना उतरून गेलेसुद्धा. त्या आठवड्यात सरांनी प्रत्येक वर्गात नुसती फळं काढायला दिली. कुणी काही विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं. पोरं माना खाली घालून पेरू काढत बसली.

शनिवारी साडेअकराची घंटा झाली. मारुतीराव किल्ली घेऊन प्रयोगशाळेशी गेले, तर खोली भरलेली. एरवीपेक्षा जास्त. सिनेमाला कुणीच आलं नव्हतं. सर काय सांगतात ते ऐकायला आले होते सगळे. मागं रूपालीबाईही येऊन उभ्या राहिल्या.

सर आले. आधी त्यांनी चादरीखालचं काळं कापड टरटर उसवून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग गाढवाच्या सिनेमाची शेवटची दहा मिनिटं लावली. "आज मी बोलणार न्हाय. तेजस्वी, हितं ये. तू वाच आणि मराठीत सांग."

तेजस्वी घाबरली. पण उभी राहिली, आणि बापाचं बोलणं आलं तेव्हा तिनं जसं होतं तसं सांगितलं. "गप बस. मुक्याला कोण इचारतंय? आपलं नाव यायला नगो."

मग पहाट, फाटक, कडीवरचा हात. दिवे लागले.

"पट्टीवर जे हाय ते बरोबर हाय," सर म्हणाले. "मी बदललं. बाप असं म्हणतोय हे पोरांस्नी सांगू नये असं मला वाटलं. माझी चूक झाली."

तेजस्वी अजून चादरीपाशीच होती. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "सर, राग मानू नका. पर बाप जाऊ नगो म्हणाला, आणि तरी बी त्यो पोरगा गेला. तुम्ही त्याचं जाणं काढून बापाला दिलंसा."

सर तिच्याकडं बघतच राहिले. मग खुर्चीत बसले आणि हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं, की मारुतीरावांना पहिल्यांदा कळेना ते हसताहेत की काय. ते हसतच होते. "व्हय की गं," ते म्हणाले. "मी चारदा बघितला, आणि मला दिसलं न्हाय बघ."

आदर्श मात्र सोडणाऱ्यातला नव्हता. "आदी कुठं कुठं बदललं सर?"

सरांनी खडू घेतला. त्यांना सगळं आठवत होतं. फळ्यावर तीन जागा लिहिल्या. एका सिनेमात आजी मरताना शिव्या देत होती, तिथं त्यांनी आशीर्वाद घातला होता. एकात मास्तर पोराला 'तू कधी सुधारणार नाहीस' म्हणतो, ते गाळलं होतं. आणि बेटावरच्या सिनेमातला मामा दारू पीत होता, ते त्यांनी ताक केलं होतं.

"तरीच!" मागून कुणीतरी ओरडलं. "मामा ताक पिऊन एवढा झुलत हुता व्हय सर!"

खोली अशी हसली की खिडकीचं एक पोतं सुटून खाली आलं. रूपालीबाईही तोंडावर हात घेऊन बाहेर गेल्या. स्पेशल क्लास त्यांनी सोमवार ते शुक्रवारात बसवला.

पण पोरांचं समाधान एवढ्यावर झालं नाही. त्यांनी तिथंच बैठक मांडली. सरांनीच बोलायचं, कारण नुसतं वाचून मजा येत नाही, हे सगळ्यांना मान्य. काळं कापडही परत लावायचं, कारण अक्षरं आली की डोळे तिकडं जातात, हेही खरं निघालं. पण एक पंच पाहिजे. त्यानं वेगळ्या कॉम्प्युटरवर पट्टी वाचत बसायचं आणि सर जरा इकडंतिकडं गेले की हात वर करायचा. पंच पोरांतला नको, त्याला सिनेमा बघायला मिळणार नाही. मग कोण?

"ऑफिसातले आण्णा!" तेजस्वी म्हणाली.

मारुतीराव स्टुलावरून पडायचेच राहिले. "मला न्हाय जमणार बाई. माझं इंग्रजी ऑफिसपुरतं. आणि एवढ्या पोरांत हात..."

"टायपिंग तर भराभरा करतासा की आण्णा," आदर्श म्हणाला.

सर त्यांच्याकडं नुसतं बघत होते. सोमवारी आपण यांना काय सुचवलं होतं, ते मारुतीरावांना त्या नजरेपुढं आठवलं. ते "बघतो" म्हणाले.

पहिले तीन शनिवार पंचाचा हात वर गेला नाही. सर चुकत नव्हते, असं नाही. दुसऱ्या शनिवारी एक वाक्य अर्धं गळलं होतं, मारुतीरावांनी वाचलं होतं, हात मांडीवरून सुटला होता आणि परत मांडीवर आला होता. घरी मालुबाईला सांगितलं, तर ती म्हणाली, "तुम्हांस्नी पंच केलं कुणी?" चौथ्या शनिवारी एक कोळी समुद्राकडं तोंड करून घाणेरडा शाप देतो, आणि सर बोलून गेले, "देव तुजं भलं करू दे." मारुतीरावांचा हात वर गेला. कोपरापर्यंतच गेला, पण गेला.

"आण्णा! आण्णांनी हात केला!" पोरं बाकांवर उभी राहिली. सरांनी सिनेमा थांबवला, पंचांकडं येऊन वाकून वाचलं, कान पकडले आणि तो शाप जसाच्या तसा, पण एक शब्द गिळून, खास बेळगावी थाटात दिला. त्या दिवशी घरी मारुतीराव आमटीचा भुरकाही न मारता अर्धा तास बोलत राहिले.

त्यानंतर दोघं शनिवारी बसस्टॉपपर्यंत बरोबर जायला लागले. सरांची अनगोळकडची बस येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं मिळायची. बोलणं व्हायचं ते सिनेमाचं, नाहीतर रताळ्याच्या काढणीचं. एकदाच वेगळं झालं. समोरच्या रानात बाया वेल ओढत होत्या. सर तिकडं बघत म्हणाले, "मला बी आमच्या बाबांनी गप बस म्हटलंतं एकदा. मी गप बसलो." मारुतीरावांच्या मनात आलं, कधी? कशासाठी? कुणाचं काय झालं त्यात? तेवढ्यात बस आली. पुढच्या शनिवारी सर हसतमुख होते, आणि मारुतीरावांनी तो विषय काढला नाही.

सर निवृत्त झाले, तरी शनिवार सुटला नाही. अनगोळहून दोन बस बदलून यायचे. वर्षभरानं मारुतीरावही निवृत्त झाले. नवा क्लार्क किल्ली त्यांच्या हातात द्यायचा. तेजस्वी आता बेळगावात कॉलेजला आहे. सर असतानाच ती मधूनमधून येऊन बायकांची बोलणी म्हणायला लागली, त्यामुळं सरांच्या आवाजातल्या आज्या बंद झाल्या, याचं लहान पोरांना वाईट वाटायचं. सर गेल्यापासून बहुतेक शनिवारी मारुतीराव एकटेच उभे राहतात चादरीच्या कडेला. आवाज फार मोठा नाही त्यांचा. पण आठवीतली एक मुलगी हट्टानं पंच झाली आहे, आणि ती हात सारखा वर करते.

गेल्या श्रावणात, सर जायच्या आधीच्या शनिवारी मात्र सरच बोलले होते. पाऊस भुरभुरत होता. दोघं स्टॉपच्या पत्र्याखाली उभे होते.

"आज हात एकदाच केलासा," सर म्हणाले.

"एकदाच चुकलासा."

"दोनदा चुकलो मी. त्यो बाजारातला भाग."

"तिथं मला बी वाटलतं. पर खात्री न्हवती."

"मग करायचा की ओ. चुकला तर चुकला, पोरं हसतील."

"बरं. पुढल्या येळी करतो."

"करा. ही बघा, बस आली."

"सावकाश चढा सर, पायरी निसरडी हाय."

"व्हय, व्हय. येतो."